इंग्रजी ‘एक्स्प्लोजन’ ग्रीकमध्ये नेताना: एक्रिक्सी कुठे, अनातिनाक्सी कुठे?

पानवेल (प्रश्न)

इंग्रजी–ग्रीक शब्दसूचीचं काम चालू आहे. त्यात स्फोटाशी संबंधित नोंदींचा एक मोठा गठ्ठा आहे: एक्स्प्लोजन, ब्लास्ट, बर्स्ट, डेटोनेट, इरप्शन, ब्लो अप, गो ऑफ, फ्यूज, माइन. कोश उघडला की निम्म्याहून अधिक शब्दांपुढे एकच उत्तर दिसतं, ‘एक्रिक्सी’. क्रियापद शोधायला गेलं तर चार-पाच निघतात आणि कोणतं कुठे बसतं याचा पत्ता लागत नाही. सूचीतली काही वाक्यं, मराठीत अर्थ देऊन:

१. स्टेशनजवळ बॉम्बचा स्फोट झाला.
२. सैन्याने पूल उडवला.
३. पाइप फुटला.
४. स्फोटाच्या दणक्याने काचा फुटल्या.
५. डबा तापल्यास स्फोट होऊ शकतो (डब्यावरची सूचना).
६. पथकाने ते उपकरण नियंत्रित स्फोटाने निकामी केलं.

दुसऱ्या वाक्याचा कच्चा अनुवाद ‘ओ स्त्रातोस एक्सेरायी ती येफिरा’ असा केला आहे. पाचव्यात ‘बोरी ना एक्सेरायी’ टाकलं आहे. दोन्ही बरोबर आहेत का? बातमी, बोलणं आणि सूचनाफलक यांसाठी शब्द वेगळे लागतात का, तेही सांगा.

कोशकिडा

दोन्ही चूक. दुसऱ्याचा अर्थ होतो ‘सैन्य पुलाला फुटलं’.

इंग्रजी थोडा वेळ बाजूला ठेवा आणि वाक्य मराठीत म्हणून बघा. इंग्रजी ‘एक्स्प्लोड’ आपोआप घडणाऱ्या गोष्टीलाही चालतं आणि कुणी केलेल्या कृतीलाही. मराठीत तसं चालत नाही. बॉम्ब फुटतो, स्फोट होतो, पूल मात्र कुणीतरी उडवतं. ग्रीक इथे मराठीसारखी वागते, म्हणून मराठी क्रियापद हाताशी असेल तर निम्मा प्रश्न सुटलेला असतो.

‘एक्रिक्सी’ हे नाम. ‘एक्’ म्हणजे बाहेर, आणि पुढे फुटणे-तुटणे या अर्थाचा जुना धातू. ही घटना आहे, कृती नव्हे. बोलताना ‘एयिने एक्रिक्सी’, स्फोट झाला. बातमीत ‘सिमिओथिके एक्रिक्सी’, शब्दशः ‘स्फोट नोंदला गेला’. वर्तमानपत्री ग्रीकमध्ये हे इतकं रुळलंय की त्यात नोंदीचा भाव उरलेला नाही. आपल्याकडे ‘घटना घडली’ लिहितात तसं.

क्रियापदं अशी:

‘एक्रिग्निमे’: स्वतः फुटणे. कर्म घेत नाही, कधीच नाही. बॉम्ब, टाकी, ज्वालामुखी, चिडलेला माणूस, सगळे याचे कर्ते होऊ शकतात. भूतकाळी रूप ‘एक्सेरायी’. तुमचं दुसरं वाक्य इथेच बिघडलं.

‘अनातिनाझो’: उडवून देणे. ‘आना’ म्हणजे वर, ‘तिनाझो’ म्हणजे झटकणे. सतरंजी झटकतात त्यालाही तिनाझोच म्हणतात. याचं कर्म बहुतेक वेळा लक्ष्य असतं: पूल, इमारत, जहाज. म्हणून ‘ओ स्त्रातोस अनातिनाक्से ती येफिरा’. बोलीत ‘तिनाझो स्तोन आएरा’, हवेत झटकणे, म्हणजे हुबेहूब आपलं ‘उडवणे’.

‘पिरोदोतो’: याचं कर्म बॉम्ब किंवा स्फोटक. ‘पिर’ म्हणजे आग, पुढचा भाग ‘देणे’ या अर्थाचा. मराठीत बत्ती देणे. इंग्रजी ‘डेटोनेट’ला कर्म असेल तर बहुतेकदा हेच. लाक्षणिक अर्थानेही फार वापरतात: एखाद्या विधानाने प्रतिक्रियांचा भडका उडवला तर त्यानेही ‘पिरोदोतिसे’ केलं म्हणतात.

‘स्काओ’: फुटणे, रोजच्या बोलण्यातलं. ‘एस्कासे इ व्होम्व्हा’, बॉम्ब फुटला. फुगा, टायर, फटाका, सगळं स्काओ.

नामांमधला फरक दोन उदाहरणांत बघा. सायप्रसमधल्या मारी इथल्या नौदल तळावर ११ जुलै २०११ रोजी उघड्यावर साठवलेले दारूगोळ्याचे ९८ कंटेनर फुटले, १३ माणसं गेली. याला सगळे ‘इ एक्रिक्सी स्तो मारी’ म्हणतात. ‘अनातिनाक्सी’ (अनातिनाझोचं नाम) लिहिलं तर वाचकाला वाटेल की कुणीतरी मुद्दाम उडवलं. उलट २५ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री ग्रीक गनिमांनी ब्रिटिश पथकासोबत गोर्गोपोतामोसचा रेल्वेपूल पाडला. ती ‘अनातिनाक्सी’, तिला एक्रिक्सी म्हटलं तर कृतीच नाहीशी होते. क्रीटमधल्या आर्कादी मठाची दारूकोठी १८६६ मध्ये आत अडकलेल्यांनीच पेटवली. तीही अनातिनाक्सीच.

एक बारकावा: कर्मणी रूप ‘अनातिनाह्तिके’ अपघातालाही चालतं, पण कर्ता उद्ध्वस्त झालेली वस्तू हवी. १६८७ मध्ये व्हेनिसच्या तोफगोळ्याने पार्थेनॉनमधला दारूसाठा पेटला. तिथे दारूची एक्रिक्सी झाली आणि पार्थेनॉन ‘अनातिनाह्तिके’. बॉम्बला हे रूप सहसा लावत नाहीत.

मात्राशुद्धी

पाचव्या वाक्यातली चूक वेगळ्या जातीची आहे आणि ती ग्रीक माणसंही करतात, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

‘एक्रिग्निमे’ हे जुन्या पंडिती ग्रीकमधून आलेलं क्रियापद आहे. १९७६ मध्ये लोकभाषा अधिकृत झाली तरी अशी काही रूपं जशीच्या तशी राहिली. लागतील तेवढी रूपं लिहून ठेवा:

फुटतो: एक्रिग्निते
फुटला: एक्सेरायी
फुटले (अनेक): एक्सेरायिसान
फुटेल: था एक्रायी
फुटू शकतो: बोरी ना एक्रायी
फुटला आहे: एही एक्रायी

‘एक्सेरायी’मधला ‘ए’ हा भूतकाळाचा आगम आहे. संस्कृतात ‘अगच्छत्’मध्ये ‘अ’ लागतो तोच प्रकार, तीच प्राचीन खूण. ‘एक्’ या उपसर्गापुढे स्वर आला की तो ‘एक्स’ होतो, म्हणून एक्स + ए + रायी. भूतकाळ गेला की आगम गेला, आगम गेला की ‘एक्स’चा पुन्हा ‘एक्’ झाला. त्यामुळे ‘ना’ आणि ‘था’ यांच्यानंतर कायम ‘एक्रायी’. ‘ना एक्सेरायी’ म्हणजे मराठीत ‘फुटला शकतो’.

लेखनात तीन सापळे आहेत आणि देवनागरीत ते दिसत नाहीत, म्हणून अक्षरांच्या नावाने सांगतो.

पहिला, ‘रो’ एक की दोन. रो ने सुरू होणाऱ्या धातूच्या आधी स्वर आला तर रो दुप्पट होतो. एक्सेरायीत आधी ‘ए’ आहे, म्हणून दोन रो. एक्रिक्सी आणि एक्रायीत आधी ‘क’ आहे, म्हणून एकच. ऐकताना दोन्हीकडे सारखाच ‘र’ येतो. कानावर विसंबून चालणार नाही.

दुसरा, शेवटचा ‘ई’. एक्सेरायीच्या शेवटी ‘इता’, एक्रायीच्या शेवटी ‘एप्सिलोन-योता’ ही जोडी. उच्चार एकच. एक्रिक्सीतले दोन्ही ‘इ’ मात्र इताचेच.

तिसरा, आघात. ‘स्फोटाचा’ आणि ‘अनेक स्फोट’ दोन्ही कानाला ‘एक्रिक्सिस’. षष्ठीत आघात पहिल्या ‘ए’वर आणि शेवट इता-सिग्मा. अनेकवचनात आघात ‘क्रि’वर सरकतो आणि शेवट एप्सिलोन-योता-सिग्मा होतो. कायद्याच्या किंवा जुन्या मजकुरात षष्ठी ‘एक्रिक्सेओस’ अशीही सापडेल. ती चूक नाही, फक्त भारदस्त आहे.

सूचनाफलक पूर्ण मोठ्या लिपीत असतात: ‘किन्दिनोस एक्रिक्सिस’, स्फोटाचा धोका. मोठ्या लिपीत आघातचिन्ह लिहीत नाहीत. मांडणी करणाऱ्याने छोट्या लिपीतला मजकूर यांत्रिकपणे मोठा केला की चिन्हं तशीच राहतात आणि फलक अडाणी दिसतो. छपाईआधी तेवढं तपासा. जुन्या पुस्तकांतून शब्द उचलत असाल तर १९८२ पूर्वीच्या मजकुरावर तीन प्रकारचे आघात आणि श्वासचिन्हंही असतात. ती काढून एकच आघात ठेवायचा.

पिवळी_पट्टी

डब्यावरच्या सूचनेबद्दल. तिथे अनुवाद करूच नका.

युरोपीय संघात रसायनांच्या लेबलवरची धोक्याची वाक्यं १२७२/२००८ या नियमाने ठरवून दिलेली आहेत. तिसऱ्या परिशिष्टात प्रत्येक वाक्य संघाच्या अधिकृत भाषांमध्ये छापलेलं आहे, त्यात ग्रीकही आली. काम एवढंच: वाक्याचा क्रमांक शोधायचा आणि ग्रीक मजकूर अक्षरशः उतरवायचा. ‘माझं ग्रीक जास्त ओघवतं आहे’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. बदललेलं वाक्य नियमात बसत नाही, मग ते कितीही सुंदर असो.

तुमचं वाक्य नेमकं कोणतं यावर उत्तर बदलतं, कारण दिसायला सारखी तीन आहेत:

एच २४०: ‘इ थेर्मान्सी बोरी ना प्रोकालेसी एक्रिक्सी’, तापवल्यास स्फोट होऊ शकतो. हे पदार्थाबद्दल आहे. स्वतःहून विघटन पावणाऱ्या काही रसायनांना आणि सेंद्रिय पेरॉक्साइडांना लागतं.

एच २८०: दाबाखालच्या वायूबद्दल, शेवट ‘एआन थेर्मान्थी, बोरी ना एक्रायी’. सिलिंडरवर दिसतं ते हे.

एच २२९: दाबाखालचं भांडं, शेवट ‘काता ती थेर्मान्सी बोरी ना दिआरायी’. एरोसोलच्या डब्यावर असतं. इंग्रजीत इथे ‘एक्स्प्लोड’ नसून ‘बर्स्ट’ आहे, आणि ग्रीकनेही क्रियापद बदललं आहे: एक्रायी नाही, ‘दिआरायी’. भांडं फाटतं, उकलतं. धातू तोच, उपसर्ग वेगळा.

मूळ इंग्रजीत ‘बर्स्ट’ असेल आणि तुम्ही एक्रायी लिहिलं तर एरोसोलच्या डब्याला गॅस सिलिंडरची सूचना लागली. म्हणून सूचीत अशा वाक्यांना ‘बदलू नये’ अशी खूण करून क्रमांकासह ठेवा.

कारखान्याच्या कागदपत्रांत आणखी एक जोडी त्रास देते. स्फोटक वातावरण, म्हणजे हवेत ज्वलनशील वायू किंवा धूळ मिसळलेली जागा, हे कामगारांच्या संरक्षणाच्या १९९९/९२ या निर्देशात ‘एक्रिक्तिकेस आत्मोस्फेरेस’ आहे, तर उपकरणांच्या २०१४/३४ मध्ये ‘एक्रिक्सिमेस आत्मोस्फेरेस’. पहिल्याचा अर्थ स्फोटक, दुसऱ्याचा स्फोट होऊ शकेल असं. शास्त्रीयदृष्ट्या दुसरा नेमका आहे, कारण हवा काही स्फोटक पदार्थ नव्हे. पण ज्या निर्देशाचा हवाला असेल त्याचाच शब्द घ्यायचा. स्वतःची पसंती तिथे आणू नका. ज्या मोटारी आणि दिवे अशा जागेसाठी बनवतात त्यांना व्यवहारात ‘आन्दिएक्रिक्तिकू तिपू’ म्हणतात. ‘आन्दि’ म्हणजे विरोधी, म्हणजे शब्दशः स्फोटविरोधी प्रकारचे.

पानवेल

खूपच उपयोगी. डबा एरोसोलचाच आहे, म्हणजे दिआरायी. आता ब्लास्ट आणि बर्स्ट यांचे बाकीचे अर्थ? शिवाय ‘माइन’ आणि ‘फ्यूज’ अडलेत. ‘माइन’पुढे कोशात ‘नार्की’ आहे, पण तोच शब्द अस्वलांच्या लेखात सापडला.

तळटीप

अस्वलं बरोबर आहेत. ‘हिमेरिया नार्की’ म्हणजे हिवाळी निद्रा. जुन्या ग्रीकमध्ये नार्की म्हणजे बधिरपणा, आणि झटका देऊन शिकार बधिर करणारा सागरी मासाही. सुरुंगाला हे नाव त्यातून मिळालं. ‘नार्कोटिक’ही याच कुळातलं. तेव्हा सूचीत एकटा ‘नार्की’ ठेवू नका, सोबत संदर्भ द्या. नार्कोपेदिओ म्हणजे सुरुंग पेरलेलं क्षेत्र, आणि समुद्रातले सुरुंग काढणारं जहाज ‘नार्कालिएफ्तिको’. त्याचा उत्तरार्ध मासेमारीच्या शब्दावरून आला आहे, म्हणजे ‘सुरुंग पकडणारं’.

इंग्रजी ‘माइन’ खाण असेल तर शब्द ‘ओरिहीओ’. दोन्हींचा काहीही संबंध नाही. कोळशाच्या खाणीला नार्की लिहिलं तर खाणीत दारू पेरली.

मराठीकडून येणाऱ्याला इथे उलटा सापळा आहे. आपला ‘सुरुंग’ जमिनीत पुरलेल्या बॉम्बलाही चालतो आणि खडक फोडायला भोक पाडून दारू भरतात त्यालाही. ग्रीकमध्ये दुसऱ्याला ‘फुर्नेलो’ म्हणतात, इटालियनमधून आलेला कामगारांचा शब्द. तांत्रिक अहवालात भोकाला ‘दिआत्रिमा’. खाणीवरच्या मजकुरात ‘सुरुंग लावला’साठी नार्की लिहिलं की युद्ध सुरू झाल्यासारखं वाटतं.

विषय निघालाच आहे तर: संस्कृत ‘सुरुङ्गा’, म्हणजे आपला सुरुंग, हा जुन्या ग्रीक ‘सिरिन्क्स’वरून आला असं बरेच अभ्यासक मानतात. त्याचा अर्थ नळी, भुयार. त्याच शब्दाचं आजचं ग्रीक रूप ‘सिरिन्गा’ म्हणजे इंजेक्शनची पिचकारी. भुयाराला आज ‘सिरान्गा’ म्हणतात, पण तो वेगळा जुना शब्द आहे. कानाला सुरुंगासारखा लागला तरी फसू नका.

फ्यूज: हा या गठ्ठ्यातला सगळ्यात धोकादायक शब्द, कारण इंग्रजीत एका शब्दात तीन वस्तू आहेत.

विजेचा फ्यूज: ‘आस्फालिआ’. हाच शब्द सुरक्षा आणि विमा यांनाही आहे. बंदुकीचा खटका अडवणारी कळही आस्फालिआच.

पेटवायची वात: ‘फितिली’. तुर्कीतून आलेला, मुळात अरबी. आपल्या जुन्या मराठीतला तोफेचा ‘पलिता’ त्याच अरबी कुळातला, फारसीमार्गे आलेला. वातीलाच जुना शब्द ‘थ्रिआलिदा’ आहे, पण आज तो बहुधा लाक्षणिक: भांडणाची ठिणगी. फटाक्याची वात फितिली, युद्धाचं निमित्त थ्रिआलिदा.

तोफगोळ्याच्या टोकावरची यंत्रणा: ‘पिरोसोलिनास’, शब्दशः आगनळी. आणि डेटोनेटर ‘पिरोक्रोतितीस’. ‘क्रोतोस’ म्हणजे कडाका, धमाका. पोलीस वापरतात ती डोळे दिपवणारी, कान बधिर करणारी हातबॉम्बासारखी वस्तू म्हणजे ‘हिरोव्होम्व्हिदा क्रोतू-लाम्प्सिस’, कडाका आणि लखलखाट यांची. याच क्रोतोसवरून बंदूक उडण्याचं क्रियापद बनलंय, ‘एक्पिर्सोक्रोतो’. इंग्रजी ‘गो ऑफ’चा कर्ता पिस्तूल असेल तर हेच लावा, एक्रिग्निमे नको, नाहीतर पिस्तुलाच्या ठिकऱ्या उडतात. कर्ता गजराचं घड्याळ असेल तर अर्थातच ‘हतिपाई’, वाजतं.

कोशकिडा

ब्लास्ट आणि बर्स्ट राहिलेत.

बातमीच्या मथळ्यातला ‘ब्लास्ट’ म्हणजे निव्वळ एक्रिक्सी. इंग्रजी मथळ्यात जागा कमी म्हणून तो आखूड शब्द येतो, त्यात वेगळा अर्थ शोधू नका. पण तुमच्या चौथ्या वाक्यात स्फोटाने ढकललेली हवा आहे. ती ‘ओस्तिको कीमा’, ढकलणारी लाट. भौतिकशास्त्रातली शॉक वेव्ह ‘क्रुस्तिको कीमा’, आघाताची लाट. बातमीत पहिलं, विमानाच्या ध्वनिवेगावरच्या लेखात दुसरं. काचा फुटल्या, भिंती हलल्या, माणसं फेकली गेली: ओस्तिको. (कीमामध्ये आघात ‘की’वर. ‘किमास’ म्हटलंत, आघात ‘मा’वर, तर तो खिमा.) उडून लागलेले तुकडे ‘थ्राव्झ्माता’.

आता जिथे ब्लास्टमध्ये स्फोट नाहीच अशा जागा. ब्लास्ट फर्नेस म्हणजे ‘इप्सिकामिनोस’, उंच भट्टी; ब्लास्ट म्हणजे तिथे फुंकलेली हवा. सँडब्लास्टिंग ‘आमोव्होली’, वाळूचा मारा. आवाज ‘फुल ब्लास्ट’वर असेल तर ‘स्ती दिआपासोन’. सूची तयार करताना यंत्राने या तिन्हींपुढे एक्रिक्सी घातलेली असू शकते. शोधून काढा.

बर्स्ट: टायर आणि फुगा ‘एस्कासे’. पाइप मात्र ‘एस्पासे ओ सोलिनास’, तुटला. पाण्याच्या पाइपाला स्काओ क्वचितच. मशीनगनचा बर्स्ट ‘रिपी’, वाऱ्याच्या झोतालाही रिपीच. रडू फुटलं: ‘क्सेस्पासे से क्लामाता’. हसू फुटलं: ‘एस्कासे स्ता येलिआ’. रागाचा स्फोट ‘एक्रिक्सी थिमू’ किंवा ‘क्सेस्पाझ्मा’, दुसरा जास्त घरगुती. युद्धाला तोंड फुटलं तरी क्सेस्पाझ्मा चालतो.

‘एस्कासे इ इदिसी’ बघितलं की मराठी माणूस ‘बातमी फुटली’ लिहून मोकळा होतो. अर्थ तो नाही. बातमी एकदम येऊन थडकली असा आहे. आपल्या अर्थाने फुटली, म्हणजे आधीच बाहेर गेली, याला ‘दिएरेफ्से’, झिरपली. पाइपातली गळतीही त्याच शब्दाची, ‘दिआरोई’.

स्काओचं आज्ञार्थी रूप ‘स्कासे’ सूचीत एकटं ठेवू नका. त्याचा अर्थ ‘गप बस’, आणि तोही उद्धट.

इरप्शनचं उत्तर सोपं आहे. मराठीत उद्रेक वेगळा, ग्रीकमध्ये तो एक्रिक्सीच: ‘इफेस्तिआकी एक्रिक्सी’. सांतोरिनीचा तो प्रसिद्ध प्राचीन उद्रेक ‘मिनोइकी एक्रिक्सी’ आहे. विश्वाच्या सुरुवातीचा ‘मेगाली एक्रिक्सी’. लोकसंख्येचा स्फोटही एक्रिक्सी. भाव भडकले तर मात्र ‘एक्तोक्सेफ्तिकान’, बाणासारखे सुटले. आणि आत कोसळणारा स्फोट, इम्प्लोजन, ‘एन्दोरिक्सी’, दोन रो. का ते मात्राशुद्धी यांनी वर सांगितलंच आहे.

मात्राशुद्धी

याच धातूच्या कुटुंबातला एक शब्द सूचीत कुठेतरी चुकून शिरण्याची शक्यता आहे, म्हणून इशारा. ‘दिआरिक्सी’. एच २२९ मधलं दिआरायी याचंच क्रियापद, पण नाम म्हणून रोजच्या ग्रीकमध्ये याचा पहिला अर्थ घरफोडी. मराठीत फोडण्यावरून घरफोडी आली, तसंच. टाकीच्या ‘बर्स्ट’ला नाम हवं म्हणून दिआरिक्सी लिहिलं आणि संदर्भ आखूड असला, तर वाचकाला टाकीत चोर शिरल्यासारखं वाटेल. तांत्रिक मजकुरात पूर्ण लिहा: ‘दिआरिक्सी तू दोहीऊ’, भांड्याचं फाटणं. नुसती ‘रिक्सी’ म्हणजे फाटाफूट, स्नायूंची किंवा नात्याची. ‘रिग्मा’ म्हणजे भेग, भूगर्भातलीसुद्धा.

आणि ‘बॉम्ब’. हा शब्द मुळात ग्रीक ‘बोम्बोस’, गुणगुण, घुमणारा आवाज. लॅटिनमध्ये गेला, तिथून इटालियन ‘बोम्बा’ झाला आणि ग्रीकमध्ये व्होम्व्हा होऊन परत आला. मूळ शब्दही जिवंत आहे: ‘व्होम्व्होस’ म्हणजे आजही मधमाश्यांची किंवा ट्रान्सफॉर्मरची गुणगुण. एका अक्षराचा फरक आहे. बॉम्बहल्ला ‘व्होम्व्हिस्तिकी एपिथेसी’, विमानातून केलेला ‘व्होम्व्हार्दिझ्मोस’. दोन्ही इंग्रजीत ‘बॉम्बिंग’, ग्रीकमध्ये अदलाबदल होत नाही.

पानवेल

सुधारलेली वाक्यं:

१. इ व्होम्व्हा एक्सेरायी कोन्दा स्तोन स्ताथ्मो.
२. ओ स्त्रातोस अनातिनाक्से ती येफिरा.
३. एस्पासे ओ सोलिनास.
४. तो ओस्तिको कीमा एस्पासे ता त्झामिया.
५. एच २२९, जसंच्या तसं.
६. इ पिरोतेह्निकी एक्सुदेतेरोसान तोन मिहानिझ्मो मे एलेन्होमेनी एक्रिक्सी.

तळटीप

सहाव्यातला कर्ता सोडून सगळं ठीक. ‘पिरोतेह्निकी’ ऐकून आतषबाजीवाले डोळ्यासमोर येतात. बॉम्ब निकामी करणारा तज्ज्ञ म्हणजे ‘पिरोतेह्नुर्गोस’, अनेकवचन ‘पिरोतेह्नुर्यी’. फटाक्यांच्या शोभेला ‘पिरोतेह्निमाता’, रंगीत ज्योतींना ‘व्हेन्गालिका’; हा दुसरा शब्द बंगालवरून पडला आहे.

‘एक्सुदेतेरोसान’ योग्य आहे, पण बातमी युद्धातल्या जुन्या बॉम्बची असेल तर विशेषण लागेल: न फुटलेला, व्होम्व्हा स्त्रीलिंगी म्हणून ‘मी एक्रायीसा’, आणि तेही पंडिती रूप आहे. थेस्सालोनिकीच्या कोर्देलिओ भागात पेट्रोलपंपाखाली सापडलेल्या २५० किलोच्या बॉम्बसाठी १२ फेब्रुवारी २०१७ रोजी सुमारे ७० हजार लोकांना हलवलं होतं. तिथे ‘एक्सुदेतेरोसी’च शोभतो, कारण तो बॉम्ब जागेवर फोडला नाही. आधी त्याची यंत्रणा निकामी केली आणि मग तो दुसरीकडे नेला. तुमच्या वाक्यात ‘मे एलेन्होमेनी एक्रिक्सी’ आहे म्हणजे जागेवर फोडला. मूळ इंग्रजीत ‘डिफ्यूज्ड’ असेल तर ते तीन शब्द काढून टाका.

पानवेल

मूळ इंग्रजीत ‘कंट्रोल्ड एक्स्प्लोजन’च आहे. शब्द राहतील, कर्ता बदलतो: इ पिरोतेह्नुर्यी.